तालुक्याच्या कॉलेजातली तीन वर्षं: पदवी हातात येते, कॉलेज किती मिळतं?

गोदाकाठ (धागाकर्ती)

'बीए करून काय उपयोग?' हा प्रश्न दर जूनमध्ये आमच्याकडे घरोघरी निघतो आणि प्रत्येकजण त्याचं उत्तर नोकरीच्या हिशोबाने देतो. तो हिशोब मला नाकारायचा नाही. पण परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते, आणि तिथे जे दिसतं त्यावरून वाटतं की आपण मधली एक पायरी गाळतोय. ज्या मुलाची पदवी वाया गेली असं आपण म्हणतो, त्याला मुळात कॉलेज किती मिळालं होतं?

आमच्या प्रथम वर्षाच्या हजेरीपटावर शंभराच्या वर नावं आहेत. वर्गात पंचवीस असली की तो चांगला दिवस. बाकीची कुठे असतात ते मी विचारत असते, म्हणून मला माहीत आहे. काहीजण पहाटे भरतीच्या ग्राउंडवर पळून येतात आणि दुपारी हमालीला जातात. कुणी मोबाईलच्या दुकानात, कुणी फायनान्सच्या वसुलीवर. कापसाची वेचणी सुरू झाली की मुली महिना-महिना दिसत नाहीत. आडबाजूच्या गावांना दिवसाला दोन गाड्या, एक चुकली की कॉलेज चुकलं. परीक्षेच्या तोंडावर सगळी परत येतात, अपेक्षित प्रश्नसंच घेऊन, आणि बरीचशी पासही होतात. पदवीच्या कागदावर यातलं काहीच दिसत नाही.

शिकवणाऱ्यांचं सांगते. आमच्या विषयाची पूर्णवेळ जागा रिकामी आहे. आम्ही तासावर काम करणारे, एका कॉलेजातला तास संपवून दुसरीकडे पळणारे. तास झाल्यावर एखाद्या मुलीला दोन गोष्टी विचारायच्या असतील, तर तोवर मी स्टँडवर पोचलेली असते.

कॉलेज म्हणजे नुसती इमारत आणि परीक्षा नव्हे. रिकाम्या तासाला बसता येईल असं ग्रंथालय, हाताने करायचा प्रयोग, आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचणं, दुसऱ्या गावच्या आणि दुसऱ्या जातीच्या मुलांबरोबर एका बाकावर तीन वर्षं काढणं, हे सगळं त्यात आलं. या सगळ्याला वेळ लागतो. गरिबाघरच्या पोराकडे नसतो तो वेळच.

तुम्हाला कॉलेज किती मिळालं? आणि त्यातलं पुढे काय कामाला आलं? सविस्तर लिहा.

लेथवाला

ताई, तुमची कळकळ समजते, पण दुसरी बाजू मांडतो. माझं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे, चार सीएनसी मशीन आणि दोन जुने लेथ. दर आठवड्याला कामासाठी मुलं येतात. लातूर, परभणी, हिंगोली, यवतमाळकडची. निम्म्याहून जास्त पदवीधर. ड्रॉइंग समोर ठेवलं की वाचता येत नाही, व्हर्निअर (माप घ्यायचं साधन) हातात धरलेला नसतो. त्यांना हेल्पर म्हणूनच घ्यावं लागतं. त्याच वयाचा आयटीआय केलेला मुलगा टर्नर म्हणून लागतो, वर्षभरात ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापातली दुरुस्ती, मशीनमध्ये टाकायला शिकतो आणि तीन-चार वर्षांत सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा, होतो. बीएवाल्याच्या दुप्पट पगार घेतो.

बीए झालेला मुलगा माझ्याकडे येतो तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा असतो आणि हाताखाली काम करायची त्याला लाज वाटते. घरच्यांनी त्याला 'शिकलेला' म्हणून वाढवलेलं असतं. मला त्याचं वाईट वाटतं, मनापासून. माझं म्हणणं एवढंच की शिकाऊ उमेदवारीचा कायदा आपल्याकडे १९६१ पासून आहे, आयटीआय जवळपास प्रत्येक तालुक्यात आहे. पोराला तिकडे का घालत नाही? कॉलेज मिळत नसेल तर त्यात तीन वर्षं का घालवायची?

सातपुडा_माहेर

दादा, तुमचं म्हणणं मुलांपुरतं ठीक असेलही. मुलींचं सांगते.

मी धडगावच्या बाजूची. दहावी आश्रमशाळेत, पुढे नाशिकला आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहून बीएस्सी. आमच्या पाड्यावर सोळाव्या-सतराव्या वर्षी विचारणा सुरू होते. 'पोरगी शिकतेय' एवढ्या एका वाक्यावर माझ्या वडिलांनी पाच वर्षं सगळ्यांना थांबवलं. ते वाक्य उच्चारायला कॉलेजात नाव असावं लागतं. नोकरी मिळाली नसती, तरी त्या पाच वर्षांची किंमत माझ्यासाठी कमी झाली नसती.

दुसरं म्हणजे प्रयोगशाळा. बारावीपर्यंत आम्ही प्रयोग फक्त वहीत लिहिले होते. ब्युरेटमधून थेंब-थेंब सोडत असताना फिनॉल्फ्थेलिनचा गुलाबी रंग एका थेंबाला येतो आणि टिकतो, हे मी पहिल्यांदा कॉलेजात पाहिलं, आणि ते माझ्या हाताने झालं. आमच्या बॅचला तेवढ्या काचेच्या वस्तू होत्या, शिकवणाऱ्या मॅडम दुपारी उशिरापर्यंत थांबायच्या. नंतर मी डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका, केली. आज ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासते. सिकलसेलचे रुग्ण आमच्या भागात किती आहेत हे तुम्हाला माहीत असेल. रिपोर्टमधला एक आकडा चुकला तर काय होईल, याचा धाक मला त्या प्रयोगशाळेने लावला.

आणि वसतिगृह. ते नसतं तर यातलं काहीच झालं नसतं. २०१८ साली सरकारने आदिवासी वसतिगृहातली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचं ठरवलं, तेव्हा मुलांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला होता. पुष्कळांना वाटलं, पैसे मिळतायत तर तक्रार कसली. पैसे उशिरा आले की मुली खोलीत भात शिजवतात, भाजी-किराणा आणण्यात संध्याकाळ जाते. ताईंनी वेळ म्हटलाय ना, तो असा जातो. शिजवलेलं ताट समोर येणं म्हणजे अभ्यासाचे दोन तास.

पेठेतला_अभ्यासिकावाला

वाचतोय. माझं शिक्षण कागदोपत्री बीए, प्रथम श्रेणी. कॉलेजात गेलो तो अर्ज भरायला, परीक्षेला आणि टीसी आणायला. वडिलांचं किराणा दुकान होतं, तिथे मी बसायचो.

आता पुण्यात आहे. कॉट बेसिसवर राहतो, मेसचा डबा, अभ्यासिकेत खुर्ची. आयोगाच्या परीक्षेला पदवी लागते, म्हणून पदवी. आमच्या अभ्यासिकेतल्या बहुतेकांसाठी पदवीचा अर्थ एवढाच आहे, आणि त्याची गर्दी किती झालीय ते सगळ्यांनी पाहिलंय. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर गेले. पात्रता सगळ्यांकडे आहे, त्यामुळे तिने काहीच ठरत नाही.

पण मला वेगळं सांगायचंय. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. निबंधाचा पेपर अडीचशे गुणांचा. पर्यायांवर गोल काळे करण्यात आम्ही तयार होतो. आता पानंच्या पानं लिहायची. सराव म्हणून लिहायला बसलो तर तिसऱ्या परिच्छेदात विषय संपतो. एक बाजू मांडायची, दुसरी बाजू तेवढ्याच प्रामाणिकपणे मांडायची, मग आपलं मत सांगायचं, हे मला कधी कुणी करायला लावलं नव्हतं. तीन वर्षं राज्यशास्त्र घेतलं होतं मी! माझी एकही उत्तरपत्रिका मला परत मिळाली नाही की कुणी सांगितलं नाही, इथे तू चुकीचं समजलायस. आता हेच शिकायला क्लासला पैसे भरतोय. कॉलेजात फुकट मिळायला हवं होतं ते.

लेथवाले काका, मी आयटीआय केलं असतं तर आज कमावता असतो, हे खरं आहे. पण मला वाचायला आवडायचं. ज्याला वाचायला आवडतं अशा दुकानदाराच्या पोराने कुठे जायचं?

कृष्णाकाठ_सातारा

वरच्या मुलाचा प्रश्न मनाला लागला. मी निवृत्त शिक्षक, सत्तरच्या दशकात 'कमवा आणि शिका' योजनेतून पदवी घेतली. म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजे आमच्या अण्णांनी, १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांचं एकत्र वसतिगृह उभं केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. मुलांच्या जेवणासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही गेलं, हे आमच्याकडे प्रत्येक पोराला ठाऊक आहे. क्रम बघा: आधी राहण्या-जेवणाची सोय आणि मग १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. मुलगा जेवला कुठे आणि झोपला कुठे, याचं उत्तर तयार ठेवून त्यांनी कॉलेज काढलं.

आमची कामं म्हणजे शेतात पाणी धरणं, खडी फोडणं, बागकाम, ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे घालणं. पहाटे काम, मग आंघोळ, मग तास. हाताला घट्टे पडायचे. पण काम कॉलेजच्या आवारातच होतं आणि तासाची वेळ झाली की थांबायचं. कामावर नेणारे सरच वर्गात शिकवायचे, त्यामुळे रात्री कोण जागला, कोण आजारी आहे, ते त्यांना कळायचं. दुकानात कमावणाऱ्या मुलाचा मालक त्याला तासाला सोडत नाही. मला फरक दिसतो तो इथे. कष्ट तेव्हाही होते.

बाबासाहेबांनीही हेच ओळखलं होतं. मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी तिथे सकाळचे वर्ग भरायचे. दिवसा कचेरीत कारकुनी करणारा माणूस सकाळी कॉलेजात बसू शकेल, अशी घड्याळाची मांडणी केली. पुढे १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ आलं, त्यामागेही हाच विचार होता. विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो हे आधी बघायचं आणि मग कॉलेज आखायचं. आज आपण कॉलेज आखतो आणि विद्यार्थ्याने आपला दिवस त्यात बसवावा म्हणतो.

अभ्यासिकेतल्या बाळा, वाचायला आवडणाऱ्या दुकानदाराच्या पोराची जागा कॉलेजातच आहे. ती त्याला मिळाली नाही, याबद्दल त्याला बोल लावता येणार नाही.

लेथवाला

सर, तुमचं पटलं. विशेषतः काम आवारात होतं हा मुद्दा. माझं मत मात्र पूर्ण बदललेलं नाही. कर्मवीरांच्या काळी पदवीधर होता मुठीएवढा, आज बाजारात पदवीधरांची रांग आहे. पगार मागणी-पुरवठ्यावर ठरतो, भावनेवर नाही.

तरी एक सुचवतो. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीबरोबर प्रत्यक्ष काम, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, ठेवलंय. माझ्यासारख्या छोट्या कारखानदाराकडे कॉलेजची मुलं आली तर मी शिकवायला तयार आहे. पण आजवर माझ्याकडे आली ती मुलं काम न करता नुसता कागदावर शिक्का मारून मागायला. त्यांच्या सरांनीच तसं सांगितलेलं होतं.

नेकरकाठचा_मराठी

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ यंत्रांच्या कारखान्यात काम करतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आमच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून गावाकडून खूप फोन येतात, म्हणून इथली पद्धत सांगतो.

इथे सोळा-सतरा वर्षांचा मुलगा 'आउसबिल्डुंग'ला लागतो. दोन ते साडेतीन वर्षं. आठवड्यात तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस व्यावसायिक शाळेत, किंवा सलग काही आठवडे शाळा. पहिल्या महिन्यापासून मालक भत्ता देतो. यातली सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही: शाळेच्या दिवशी मालकाला त्याला सोडावंच लागतं आणि त्या दिवसाचे पैसे कापता येत नाहीत. कायदाच आहे तसा. आणि त्या शाळेत लेथ शिकणाऱ्या मुलाला भाषा आणि नागरिकशास्त्रही शिकवतात. वर्तमानपत्र कसं वाचायचं, कामगाराचे हक्क कोणते, हे फिटरलाही कळलं पाहिजे असं इथल्या समाजाने ठरवलंय.

त्यामुळे 'कॉलेज की आयटीआय' असं भांडण मला अपुरं वाटतं. लेथवाले दादा, तुमच्या टर्नरला आठवड्यातून एक दिवस पगारी सुट्टी देऊन कुणी निबंध लिहायला शिकवलं, तर तुम्ही सोडाल का?

लेथवाला

प्रश्न थेट आहे, उत्तरही थेट देतो. एकट्याने सोडणं मला परवडणार नाही, कारण शेजारचा सोडणार नाही आणि माझा जॉबचा दर वाढेल. सगळ्यांना सारखा नियम असेल तर सोडेन.

गोदाकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. लेथवाले दादा, तुमच्या या शेवटच्या उत्तराबद्दल विशेष. 'सगळ्यांना सारखा नियम' हेच तर मागायला हवं.

नव्या धोरणाचा विषय निघालाच आहे तर एक भीती बोलून दाखवते. एका वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. नंतर परत येऊन पुढचं पूर्ण करता येतं, क्रेडिट जमा राहतात. ज्याला मध्येच थांबावं लागतं त्याच्या हातात काहीतरी राहतं, हे चांगलंच आहे. पण माझ्या वर्गात पहिल्या वर्षानंतर कोण बाहेर पडेल? जिचं लग्न ठरलंय ती मुलगी. आजवर घरच्यांना 'आता दोनच वर्षं राहिलीत, डिग्री होऊ द्या' असं म्हणता यायचं. सातपुडा_माहेर यांनी जी पाच वर्षं सांगितली, त्या वर्षांना कडेने दार ठेवल्यासारखं होतं हे. परत येणाऱ्यांत मुली किती, याची नोंद प्रत्येक कॉलेजने ठेवली पाहिजे. प्राचार्यांकडे मी तशी मागणी केली आहे.

सेलूची_आई

मी कधी लिहीत नाही, नुसती वाचते. माझी लेक बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी अंगणवाडीत मदतनीस.

मोठ्या मुलीचं कॉलेज मध्येच सुटलं. २०२१च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप होता. कुणाला दोष देत नाही, त्यांचीही लेकरंबाळं आहेत. पण काळी-पिवळीने रोज जाणं झेपेना, आणि घरातले म्हणाले बस झालं. नंतर तिला परत पाठवायचा मी खूप प्रयत्न केला. झालं नाही.

धाकटीच्या वेळी मी ठरवलंय. विद्यार्थी पासला दोन तृतीयांश सवलत आहे, ती घेतो. दोन अडचणी आहेत, ताई. एक, शिष्यवृत्तीचा अर्ज दोनदा परत आला, 'बँक खातं आधारला जोडलेलं नाही' म्हणून, बँकेत म्हणतात जोडलेलं आहे. दोन, दुपारची गाडी दीडला सुटते आणि शेवटचा तास अडीचला संपतो. लेक रोज तो तास सोडून येते. अकाउंट्सचाच तास आहे. याला काय करायचं, कुणाकडे जायचं?

पेठेतला_अभ्यासिकावाला

काकू, पहिल्याचं मी सांगतो, मी स्वतः निस्तरलंय. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधार 'सीडिंग' होणं वेगळं. पैसे एकाच खात्यात येतात, ज्याचं सीडिंग शेवटचं झालंय त्या. शाळेत असताना काढलेलं दुसरं खातं असेल तर सीडिंग तिथे अडकलेलं असू शकतं. आधारच्या संकेतस्थळावर मोबाईलवर ओटीपी घेऊन कोणती बँक दाखवते ते बघा. दुसरीच बँक दिसली तर आताच्या बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी सीडिंग करा' असा लेखी फॉर्म द्या आणि पोच घ्या. मग महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज पुन्हा पाठवा. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदतही तपासा, तीही उलटून गेलेली असते कधीकधी.

गोदाकाठ (धागाकर्ती)

ताई, मोठीचं वाचून वाईट वाटलं. तिची बारावी झाली असेल तर मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र जवळ कुठे आहे ते मी शोधून तुम्हाला कळवते. वयाची अडचण येणार नाही.

बसचं असं करा. अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावाने करायचा आणि प्रत विभाग नियंत्रकांना. एकट्या पालकाचा अर्ज देऊ नका, कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीने जाऊ द्या. सोबत त्या मार्गावरच्या पासधारक मुलामुलींची गावनिहाय यादी जोडा, कारण किती प्रवासी नक्की मिळणार हेच आगारात आधी विचारतात. आमच्याकडे अशाच यादीवर एका मार्गाची वेळ पुढे ढकलून मिळाली. दुसऱ्या मार्गाची मिळाली नाही. तिथे आम्ही उलट केलं: त्या गावांच्या मुलांचे विषय बघून वेळापत्रकात मुख्य विषयाचे तास आधी घेतले आणि शेवटच्या तासाला असा विषय ठेवला की त्याचा वर्ग त्यांच्यातल्या कुणालाच नाही. वाणिज्य विभागप्रमुखांना अकाउंट्सचा तास आधी घ्यायला सांगणं हे सगळ्यात सोपं. त्यासाठी वरून कुणाची परवानगी लागत नाही.

तेवढ्यावर झालं नाही तर महाविद्यालय विकास समितीपुढे विषय ठेवा. २०१६च्या विद्यापीठ कायद्यानुसार प्रत्येक संलग्न कॉलेजला ही समिती असते. तुमच्या लेकीला म्हणावं, दीडच्या गाडीने जाणाऱ्या सगळ्या मुलींच्या सह्या या आठवड्यातच घे. यादीचा नमुना मी उद्या इथेच टाकते: गाव, पास क्रमांक, वर्ग, आणि सुटणाऱ्या तासाचा विषय.